एका यंत्रात दोन प्रणाली : लिनक्सकडे पहिले पाऊल

(शाखा-चिटणीस व कार्यालयीन काम पाहणाऱ्या कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

कॉम्रेड्स,

या अभ्यासवर्गाच्या कार्यक्रमपत्रिकेत महागाई, नव्या कामगार संहिता आणि शेतीमालाचे भाव या विषयांच्या शेजारी ‘संगणकावर लिनक्स बसविणे’ हा विषय पाहून काही ज्येष्ठ कॉम्रेड्सच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. साठीच्या दशकात कलकत्त्याच्या इलॅको हाऊसमध्ये संगणक बसविण्याच्या प्रयत्नाविरुद्ध विमा कर्मचाऱ्यांनी दिलेला लढा त्यांना आठवतो. बँकांतील यंत्रीकरणावर मर्यादा घालणारा १९८३ चा करारही त्यांना आठवतो. परंतु त्या लढ्यांचा मथितार्थ काय होता? कामगार यंत्राला घाबरला होता, असे भांडवली वृत्तपत्रांनी लिहिले. खरे तर कामगार विचारत होता की, हे यंत्र कोणाच्या मालकीचे, कोणाच्या हुकुमाने चालणारे आणि कोणाच्या पोटावर येणारे आहे? तोच प्रश्न आज आपल्या शाखा-कार्यालयातील टेबलावर येऊन बसला आहे. म्हणून हा विषय कार्यक्रमपत्रिकेत आहे.

प्रश्न यंत्राचा नव्हे, मालकीचा

आपल्या बहुतेक कार्यालयांत जुने संगणक आहेत. कोणी वर्गणीतून घेतलेला, कोणा सहानुभूतीदाराने दिलेला. त्यांवर ‘विंडोज १०’ ही प्रणाली चालते. तिचा सर्वसाधारण आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपविला. ठरावीक मुदतीच्या विस्तारित योजनेत नाव नोंदविले नसेल, तर त्या तारखेनंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत नाहीत. पुढची प्रणाली ‘विंडोज ११’ घ्यावी, तर तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि साधारणपणे २०१७-१८ नंतरचाच प्रोसेसर लागतो. म्हणजे ज्या यंत्राचा एकही भाग बिघडलेला नाही, पडदा उजळतो, कळफलक चालतो, ते यंत्र एका परिपत्रकासरशी निकामी ठरते! यंत्र झिजले नाही. ते झिजल्याचे घोषित करण्यात आले. भांडवलशाहीत वस्तूचे आयुष्य तिच्या उपयोगावर नव्हे, तर पुढच्या विक्रीच्या गरजेवर ठरते, हे आपण पुस्तकात वाचतो. त्याचे इतके स्वच्छ उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

दुसरे उदाहरण याहून गंभीर आहे. जुलै २०२५ मध्ये, युरोपीय संघाने निर्बंध जाहीर केल्यानंतर, गुजरातेतील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेल्या नायरा एनर्जी या कंपनीच्या मायक्रोसॉफ्टच्या सेवा अचानक बंद झाल्या. कंपनीने पैसे भरले होते, आणि भारताने तिच्यावर कोणताही निर्बंध घातला नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयात दाद मागितल्यानंतर काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. नायरा ही काही कामगारांची सहकारी संस्था नव्हे. तिच्याबद्दल आपल्याला अश्रू ढाळायचे कारण नाही. पण धडा घ्यायचा तो असा की, भारताच्या भूमीवर, भारताच्या कायद्याने चालणाऱ्या कारखान्याचा टपालव्यवहार दूरच्या राजधानीतील एका निर्णयाने थांबू शकतो. मोठ्या भांडवलदाराची ही गत, तर तुमच्या-माझ्या युनियनच्या सभासद-नोंदवहीची कथा काय?

मुक्त म्हणजे फुकट नव्हे

या मालकीला पर्याय आहे आणि तो चाळीस वर्षांहून जुना आहे. २७ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रॅमरने ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. प्रत्येक वापरणाऱ्याला सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालविता यावे, त्याची मूळ संहिता वाचून बदलता यावी, प्रती वाटता याव्यात आणि सुधारलेल्या प्रतीही वाटता याव्यात, ही चार स्वातंत्र्ये त्यामागे आहेत. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरवाल्ड्‌स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि १९९२ मध्ये तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. हा परवाना मोठा मार्मिक आहे. जो कोणी या संहितेत भर घालून ती इतरांना देईल, त्याने ती याच अटींवर दिली पाहिजे, असे तो सांगतो. सामाईक विहिरीवर कोणीही पाणी भरावे, मात्र विहिरीला कुलूप लावू नये, असा हा नियम. मालकी हक्काच्याच कायद्याचा उपयोग मालकीचे कुंपण अडविण्यासाठी केला गेला.

आपल्या देशात या चळवळीची पाळेमुळे केरळात घट्ट आहेत. मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठानाच्या भारतीय शाखेची स्थापना जुलै २००१ मध्ये तिरुवनंतपुरमला झाली. त्याच वर्षी केरळच्या शाळांत संगणक-शिक्षणाचा शासकीय प्रकल्प सुरू झाला आणि पुढे तो मुक्त सॉफ्टवेअरवर उभा राहिला. डाव्या लोकशाही आघाडीच्या सरकारने २००७ च्या माहिती तंत्रज्ञान धोरणात मुक्त सॉफ्टवेअरला अधिकृत स्थान दिले. शिक्षकांनीच शिक्षकांना शिकविले, शाळेतील यंत्रे शाळेतच दुरुस्त होऊ लागली, आणि मल्याळममधून शिकणाऱ्या मुलामुलींच्या हाती मल्याळम बोलणारा संगणक आला. केंद्र सरकारच्या सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ ही प्रणालीही लिनक्सचीच, आणि २०१५ साली केंद्रानेही शासकीय कामात खुल्या सॉफ्टवेअरचे धोरण कागदावर स्वीकारले. कागदावर, असे मी मुद्दाम म्हणतो.

एकदम बदल का नको?

आता कोणी उत्साही तरुण कॉम्रेड म्हणेल, मग विंडोज आजच्या आज पुसून टाकू या! माझा त्याला विरोध आहे, आणि त्याचे कारण सांगताना मला माझीच एक चूक कबूल करावी लागेल.

काही वर्षांपूर्वी घरेलू कामगार संघटनेच्या कार्यालयातील संगणकावर मी लिनक्स बसवीत होतो. तेव्हा मला दोन-चार वेळचा अनुभव होता, आणि अर्धवट अनुभवाइतका घातक सल्लागार नाही. पडद्यावर प्रश्न आला : सध्याच्या प्रणालीशेजारी बसवायचे, की सबंध डिस्क पुसून? मी घाईत दुसऱ्या पर्यायावर बोट ठेवले. वीस मिनिटांत नवी प्रणाली झळकली. परंतु सभासद भगिनींची नोंदणी, त्यांच्या मालकिणींकडील कामाचे दाखले, नूतनीकरणाच्या तारखा, सारे गेले. दुसरी प्रत नव्हती. तीन महिला कॉम्रेड्सनी पुढचे दोन महिने दिवसभराची धुणी-भांडी उरकून संध्याकाळी वस्तीत गल्लोगल्ली फिरून ती यादी पुन्हा लिहून काढली. त्यांनी मला एका शब्दानेही दूषण दिले नाही. त्यांतील एक फक्त एवढेच म्हणाली, “भाऊ, आमचं नाव तुमच्या यंत्रात दोनदा लिहीत जा.” आज मी जे सांगणार आहे, ते सर्व या एका वाक्याचा विस्तार आहे.

दोन प्रणाली शेजारी-शेजारी ठेवण्याची कारणे व्यावहारिक आहेत. आपली जुनी पत्रके, नियतकालिकांचे अंक श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टांत आणि पेजमेकरमध्ये जुळविलेले आहेत. ते लिनक्सवर सरळ उघडणार नाहीत. कोणाला हिशेबाचे विशिष्ट सॉफ्टवेअर लागते, कोठे सरकारी सही-प्रमाणपत्राचे उपकरण विंडोजवरच नीट चालते. शिवाय शिकणाऱ्याला परतीचा रस्ता दिसत असला, की तो पुढे धीटपणे जातो. तेव्हा एकाच यंत्रात दोन्ही ठेवाव्यात, आणि सुरू करताना कोणती हवी ते निवडावे. ही संक्रमणकाळाची व्यवस्था आहे. संक्रमण लांबू शकते. पण दिशा ठरलेली असली, की तडजोड ही शरणागती होत नाही.

बसविण्यापूर्वीची तयारी

कॉम्रेड्स, या कामाचे तीन चतुर्थांश यश तयारीत आहे. मी क्रमाने सांगतो. लिहून घ्या.

पहिली गोष्ट, प्रत. सर्व महत्त्वाच्या फाइली बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. मग ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून दोन-चार फाइली उघडून पाहा. न तपासलेली प्रत ही प्रत नव्हे, ती केवळ श्रद्धा आहे.

दुसरी गोष्ट, कुलूप. अलीकडच्या अनेक लॅपटॉपांत डिस्क सांकेतिक रूपात कुलूपबंद असते. या सोयीला ‘बिटलॉकर’ किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ म्हणतात. कित्येकदा ती मालकाला न विचारता चालू झालेली असते. सेटिंग्जमध्ये जाऊन ती चालू आहे का पाहा. असल्यास तिची ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर उतरवून ठेवा, आणि लिनक्स बसविण्यापूर्वी ती सोय बंद करून डिस्क पूर्ण उलगडू द्या. त्याला काही तास लागू शकतात, लागू द्या. किल्ली नसताना या कुलपाशी खेळणे म्हणजे स्वतःच्याच घराबाहेर अडकणे होय.

तिसरी गोष्ट, अर्धी झोप. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय असते. तिच्यामुळे संगणक बंद केल्यासारखा दिसतो, पण पूर्ण बंद होत नाही. डिस्कवरचा कारभार अर्धवट उघडा राहतो. अशा अवस्थेत दुसऱ्या प्रणालीने त्या भागात लिहिले, तर फाइली खराब होण्याचा धोका असतो. कंट्रोल पॅनेलमधील वीज-विषयक पर्यायांत जाऊन ही सोय बंद करा.

चौथी गोष्ट, जागा. विंडोजच्या ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये मुख्य भागावर उजवे बटण दाबून ‘श्रिंक व्हॉल्यूम’ निवडा. किती जागा मोकळी करायची ते तेथे एमबीमध्ये विचारतात. ५० जीबी हवे असतील तर ५१२०० हा आकडा घाला. ‘लिनक्स मिंट’ या प्रणालीला किमान २० जीबी जागा लागते, परंतु १०० जीबी असल्यास उत्तम. मोकळी झालेली जागा काळ्या पट्टीत ‘अनअलोकेटेड’ म्हणून दिसेल. तिला नाव देऊ नका, तिचे नवे पार्टिशन करू नका. तशीच राहू द्या. कधीकधी डिस्कवर पुष्कळ जागा दिसत असूनही विंडोज थोडीच सोडायला तयार होते. न हलणाऱ्या काही फाइली मध्येच ठाण मांडून बसलेल्या असतात, हे त्याचे कारण. अशा वेळी जबरदस्ती न करता जाणकाराला विचारावे.

पाचवी गोष्ट, यंत्राची प्रकृती. ४ जीबी स्मरणशक्ती असेल तर मिंटची ‘एक्सएफसीई’ ही हलकी आवृत्ती निवडा; २ जीबीवरही ती चालते, पण कष्टाने. मिंट २२ ला ६४ बिटी प्रोसेसरच लागतो. फार जुन्या ३२ बिटी यंत्रावर ती चालणार नाही. शिवाय विंडोज जुन्या पद्धतीने सुरू होते की नव्या ‘यूईएफआय’ पद्धतीने, हे विंडोजच्या ‘सिस्टिम इन्फर्मेशन’ खिडकीत ‘बायोस मोड’समोर लिहिलेले असते. लिनक्सही त्याच पद्धतीने बसवायचे. एक प्रणाली एका पद्धतीने आणि दुसरी दुसऱ्या पद्धतीने बसली, की निवडीचा तक्ता दोघांना एकत्र दाखवू शकत नाही.

प्रत्यक्ष काम

आता साहित्य. ८ जीबीचा एक पेन ड्राइव्ह घ्या. त्यावरील सर्व मजकूर पुसला जाणार आहे, हे लक्षात ठेवा. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून प्रणालीची प्रतिमा-फाइल उतरवा. ती सुमारे ३ जीबीची असते. तालुक्याच्या गावी रात्रभर लागेल, पण एकदा उतरविली की सबंध जिल्ह्याला पुरेल, आणि ती वाटणे गुन्हा नव्हे, तो परवान्याने दिलेला हक्कच आहे. फाइलसोबत ६४ अक्षरी ठसा प्रसिद्ध केलेला असतो. आपल्या फाइलचा ठसा काढून तो अक्षरशः जुळतो का ते पाहा. न जुळल्यास फाइल अर्धवट आली आहे किंवा कोणी तिला हात लावला आहे, असे समजून ती टाकून द्या. मग ‘रूफस’ किंवा ‘एचर’ या साधनाने ती पेन ड्राइव्हवर उतरवा. नुसती फाइल चिकटवून चालत नाही.

संगणक बंद करून पुन्हा सुरू करताना विशिष्ट कळ दाबली, की कोठून सुरू करायचे हे विचारणारी यादी येते. अनेक यंत्रांवर ती कळ एफ-१२ असते, काहींवर एफ-९, काहींवर एस्केप. यादीतून पेन ड्राइव्ह निवडा. थोड्या वेळाने मिंटचा पडदा दिसेल. येथे एक मोठी सोय आहे. प्रणाली न बसविताच ती पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. तेव्हा बसविण्याच्या चिन्हावर लगेच बोट ठेवू नका. अर्धा तास बसा. वाय-फाय लागते का? आवाज येतो का? प्रिंटर ओळखला जातो का? काही यंत्रांतील वाय-फायचे भाग सुरुवातीला ओळखले जात नाहीत. अशा वेळी मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते. जे येथे चालत नाही, ते बसविल्यावर आपोआप चालेल अशी आशा बाळगू नका. डिस्कच दिसत नसेल, तर यंत्राच्या मूळ मांडणीत साठवणुकीची वेगळी पद्धत निवडलेली असते. ती परस्पर बदलल्यास विंडोज सुरू होण्याचे थांबू शकते. तेथेच थांबा आणि माणूस शोधा.

सर्व ठीक असेल तर बसवायला घ्या. भाषा, कळफलक यांचे प्रश्न होतील आणि मग तो पडदा येईल, ज्यावर मी चुकलो होतो. त्यावर मुख्यतः तीन पर्याय असतात. ‘इन्स्टॉल अलाँगसाइड विंडोज बूट मॅनेजर’, म्हणजे विंडोजच्या शेजारी बसवा. ‘इरेज डिस्क’, म्हणजे सर्व पुसा. आणि ‘समथिंग एल्स’, म्हणजे मी स्वतः मांडणी करतो. नवशिक्याने पहिलाच घ्यावा. पहिला पर्याय दिसतच नसेल, तर यंत्राला विंडोज सापडलेले नाही. तेव्हा ‘दुसरा घेऊन पाहू’ असे म्हणणे हे माझ्या चुकीची पुनरावृत्ती करणे होय. काम रद्द करा, संगणक बंद करा, तयारीतील कोणती पायरी सुटली ते पाहा. तिसरा पर्याय वापरणाऱ्याने मोकळ्या जागेत ‘ईएक्सटी-४’ पद्धतीचा भाग करून त्याला मूळ स्थान द्यावे. यूईएफआय यंत्रावर आधीपासून असलेला ‘ईएफआय’चा छोटा भाग वापरावा, पण तो कधीही पुसू नये. विंडोज सुरू होण्याची वाट त्यातूनच जाते.

शेवटी यंत्र बदलांची यादी दाखवून विचारते : हे डिस्कवर लिहू का? या क्षणी कळफलकावरून हात उचला आणि यादी मोठ्याने वाचा. शेजारी दुसरा कॉम्रेड बसवा आणि त्याच्याकडूनही वाचून घ्या. लोकशाही पद्धत येथेही कामाची आहे! मगच पुढे जा. वेळेचा विभाग विचारला, तर कोलकाता निवडा. नाव आणि परवलीचा शब्द द्या. तो कागदावर लिहून टेबलावर ठेवू नका. साधारण अर्ध्या तासात काम संपेल.

नंतरच्या अडचणी

संगणक पुन्हा सुरू झाला, की ‘ग्रब’ नावाचा तक्ता येईल. वर मिंट, खाली विंडोज. बाणांनी निवडा. तक्ता न येता थेट विंडोज सुरू झाले, तर घाबरू नका. यंत्राच्या मूळ मांडणीत सुरुवातीचा क्रम बदलून लिनक्सला वर आणावे लागते.

पहिली हमखास तक्रार येते ती घड्याळाची. लिनक्स वापरून विंडोजमध्ये परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. यंत्र बिघडलेले नाही. लिनक्स यंत्रातील घड्याळ जागतिक वेळेवर ठेवते, विंडोज ते स्थानिक वेळ समजते, आणि भारताची वेळ जागतिक वेळेच्या पाच तास तीस मिनिटे पुढे आहे. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची पद्धत शिकवावी लागते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला एका आज्ञेने सांगता येते.

दुसरी तक्रार विंडोजच्या अद्ययावतीकरणाची. ऑगस्ट २०२४ मधील एका सुरक्षा-दुरुस्तीनंतर दोन प्रणाली असलेल्या अनेक यंत्रांवर लिनक्स सुरू होईनासे झाले होते. कंपनीनेही ही अडचण मान्य केली होती. फाइली सुरक्षित होत्या, अडला होता तो दरवाजा. म्हणून लिनक्सचा पेन ड्राइव्ह काम झाल्यावर पुसून टाकू नका. तो दुरुस्तीची किल्ली म्हणून कपाटात ठेवा. मिंटमध्ये ‘टाइमशिफ्ट’ हे साधन आहे. ते प्रणालीची छायाप्रत ठेवते. मात्र तुमच्या पत्रकांची प्रत ते आपोआप ठेवत नाही. ती तुम्हीच ठेवायची.

आणि उद्या लिनक्स नकोसे वाटले, तर? तिचे पार्टिशन थेट पुसू नका. आधी सुरुवातीचा क्रम विंडोजकडे वळवा. विशेषतः जुन्या पद्धतीच्या यंत्रांत ग्रबचा तक्ता डिस्कच्या तोंडाशी असतो. मागचे घर पाडून दरवाजा तसाच ठेवला, तर आत कोणीच जाऊ शकणार नाही.

मराठीचा प्रश्न

इंदूर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव येथील कॉम्रेड्स येथे आहेत. त्यांना हा प्रश्न अधिक बोचतो. कारण त्यांच्या शहरात जुन्या मराठी फॉन्टचा जाणकार मिळणे अवघड असते. लिनक्समध्ये मराठीसाठी काही विकत घ्यावे लागत नाही. कळफलकाच्या मांडणीत मराठी जोडले, की इन्स्क्रिप्ट पद्धतीने लिहिता येते. उच्चाराप्रमाणे लिहिण्याच्या पद्धतीही आहेत. इन्स्क्रिप्ट शिकायला पंधरा दिवस लागतात, पण तिच्यात भारतीय लिप्यांची मांडणी एकाच तत्त्वावर आहे. मराठी शिकलेला हात बंगाली किंवा तेलुगूच्या कळफलकावरही ‘क’ त्याच जागी शोधतो. हे सर्व युनिकोडमध्ये होते, म्हणून बेळगावात लिहिलेला मजकूर बडोद्यात तसाच उघडतो. ‘लिब्रेऑफिस’मध्ये पत्रके, हिशेब सर्व होते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने केलेली ‘मुक्त’ ही देवनागरी अक्षरमालाही मुक्त परवान्यावर उपलब्ध आहे.

जुन्या फॉन्टांतील मजकूर मात्र युनिकोडमध्ये रूपांतरित करून पुन्हा वाचून काढावा लागेल. जोडाक्षरे, रफार, ऱ्हस्व वेलांटी यांत चुका राहतात. हे काम नव्या पिढीने करावे. आपल्या चळवळीचा तीस-चाळीस वर्षांचा लेखी वारसा एखाद्या बंद पडलेल्या सॉफ्टवेअरच्या कोठडीत कुजू देणे आपल्याला परवडणार नाही.

भ्रम नकोत

कॉम्रेड्स, शेवटी एक इशारा. लिनक्स बसविले म्हणजे क्रांती झाली, असा भ्रम कोणी बाळगू नये. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखाने लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली होती. आज तीच कंपनी आपल्या सेवांत लिनक्स वापरते. आयबीएमने २०१९ मध्ये रेड हॅट ही लिनक्सवरील कंपनी ३४ अब्ज डॉलरना घेतली. नोव्हेंबर २०१७ पासून जगातील पहिले पाचशे महासंगणक लिनक्सवर चालतात. अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा आहे, आणि त्याच फोनवरून आपली माहिती गोळा होते. संहिता सामाईक झाली, पण यंत्रागारे, तारा आणि माहिती मक्तेदारांच्याच हाती राहिली. विहीर सर्वांची असली, तरी ज्याच्याकडे पंप आहे त्याचे शेत आधी भिजते, हे खेड्यातल्या कॉम्रेडला समजावून सांगावे लागत नाही.

मग हे सर्व कशासाठी? याची दोन उत्तरे आहेत. एक, आपल्या सभासदांची नावे, त्यांचे दावे, त्यांचे हिशेब ज्या यंत्रात आहेत, त्या यंत्राचे आयुष्य दुसऱ्याच्या परिपत्रकावर अवलंबून राहू नये. दुसरे, आणि अधिक महत्त्वाचे : जगभरातील हजारो माणसे एकत्र येऊन, कुंपणाशिवाय, इतके गुंतागुंतीचे उत्पादन उभे करू शकतात आणि टिकवू शकतात, हे येथे प्रत्यक्ष सिद्ध झालेले आहे. त्यांतील पुष्कळ जण कंपन्यांच्या पगारावर आहेत, हे खरे. पण नफ्याच्या मालकीशिवाय माणूस काही निर्माण करीत नाही, असे सांगणाऱ्या अर्थशास्त्र्याला हे उदाहरण जरूर दाखवा.

प्रत्येक जिल्ह्याने निदान दोन कार्यकर्ते या कामासाठी निवडावेत, त्यांत एक महिला कॉम्रेड असावी. पहिला प्रयोग कार्यालयाच्या मुख्य संगणकावर न करता अडगळीत पडलेल्या यंत्रावर करावा. जो शिकेल त्याने दुसऱ्याला शिकवावे, आणि शिकविताना कळफलक स्वतःच्या हातात घेऊ नये. शिकणाऱ्याच्याच हातात राहू द्यावा. सुरुवातीला वेळ लागेल. त्या तीन भगिनींनी दोन महिने गल्लोगल्ली फिरून जे परत मिळविले, त्यापुढे हा वेळ काहीच नाही. त्यांचे नाव आता आमच्या यंत्रात दोनदा लिहिलेले आहे. तुमच्याकडेही ते दोनदा लिहिले जावे, एवढेच माझे मागणे आहे.

लाल सलाम!